दिवाळीची सुट्टी आणि निवांत चहा : नाशिककरांना नेहमी पडणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की मैत्रिणी, भाचे-पुतण्या, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांकडून चहाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. आल्याने दूध का फाटतं, रात्री झोप का येत नाही, एवढ्या माणसांचा चहा एकदम कसा करायचा. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय, ज्याला जे हवं ते वाचा. माझं मत आधीच सांगते. सुट्टीतला चहा आराम देतो तो चहा करणारं माणूस स्वतःचा कप घेऊन बाकीच्यांसोबत बसलं तरच, आणि खाली बऱ्याच उत्तरांमध्ये मी फिरून तिथेच येणार आहे.

चहा तर रोजच पितो की, सुट्टीत वेगळं काय करायचं?

रोज आपण चहा उरकतो. डबे भरता भरता ओट्याशी उभं राहून, नाहीतर कंपनीची बस सुटेल म्हणून फुंकर मारत, अंबड-सातपूरला शिफ्टला असाल तर ब्रेकच्या दहा मिनिटांत कटिंग संपवून परत आत. सुट्टीत तोच चहा, तीच पत्ती, तोच कप, फक्त बसून प्यायचा आणि पिताना दुसरं काही करायचं नाही. सांगायला सोपं आहे पण करून बघा, पहिल्या दोन दिवसांत हात आपोआप मोबाईलकडे जातो.

चहात कॅफिन असतं हे सगळ्यांना माहितीये, त्याने तरतरी येते. त्याच्यासोबत चहाच्या पानात एल-थिअनिन नावाचं एक अमिनो आम्लही असतं, ते मन शांत ठेवायला मदत करतं असं मानतात. पण एका कपात ते थोडंच असतं, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देऊ नका. माझ्या मते खरा आराम मिळतो तो त्या वीस मिनिटांमुळे, उकळी येईपर्यंत वाट बघणं, आल्याचा वास, गरम कप हातात धरून गॅलरीत बसणं.

दिवसातला कुठला चहा यासाठी चांगला?

दुपारचा. साडेतीन-चारचा. सकाळचा चहा कितीही ठरवलं तरी घाईचाच होतो, त्यात दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नान, मग देवळात जाणं, पाडव्याला पिंपळपारावर गाणं ऐकायला जायचं असेल तर अंधारातच निघायचं, तेव्हाचा चहा थंडी घालवायला असतो. दुपारी मात्र जेवणं आवरलेली असतात, मोठी माणसं डुलकी काढून उठलेली असतात, पाहुणे अजून यायचे असतात. तो तासभर चहासाठी राखून ठेवा.

जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय असेल तर तेवढी सोडा. चहातली टॅनिन जातीची द्रव्यं धान्य-कडधान्य-भाजीतलं लोह शरीरात शोषू देत नाहीत, म्हणून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं म्हटलंय. आपल्याकडे रविवारी मिसळ खाल्ली की लगोलग चहा सांगतात ना, त्याचंही तसंच, मटकीतलं लोह वाया जातं. बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण आपल्याकडे किती आहे ते बघता ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगत असते.

घरात दहा-बारा माणसं आहेत, दिवसभर कुणाचा ना कुणाचा चहा चालूच असतो. मी कसली रिलॅक्स होणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दरवर्षी विचारणारी बहुतेक बाईच असते. भाऊबीजेला नणंदा येतात, त्यांची मुलं, दीर-जावा, शेजारचे फराळाला येतात, एक निघाला की दुसरा दारात. प्रत्येकाला "चहा टाकते हं" म्हणायचं, आणि एकाला बिनसाखरेचा, एकाला कमी दुधाचा, सासऱ्यांना वेलचीचा, मामांना आलं जास्त. संध्याकाळपर्यंत पातेलं आणि गाळणं किती वेळा विसळलं ते सांगता येत नाही आणि स्वतःचा कप मात्र ओट्यावर गार होऊन त्याच्यावर साय धरलेली असते.

यावर मी जे करते ते सांगते. एक तर चहाच्या वेळा ठरवून टाकायच्या आणि सगळ्यांना आल्या आल्या प्रेमाने सांगायच्या, सकाळी आठला आणि दुपारी चारला मोठं पातेलं, मधे कुणाला हवा असेल तर सामान इथे आहे, करून घ्या. पहिल्या दिवशी थोडं अवघडल्यासारखं होतं, सासूबाई काय म्हणतील वगैरे, पण घरच्यांनी साथ दिली तर दुसऱ्या दिवशी सगळे रुळतात. बाहेरचं माणूस आलं तर गोष्ट वेगळी, त्याला चहा विचारायचाच.

दुसरं म्हणजे कोरा अर्क करून ठेवायचा. दहा कपांसाठी साधारण एक लिटर पाणी, त्यात ठेचलेलं आलं दोन इंच, सात-आठ वेलच्या सालासकट कुटून, आणि दहा लहान चमचे पत्ती. आलं-वेलची पाण्यात चांगली उकळली की पत्ती टाकायची, तीन मिनिटं उकळू द्यायची आणि गाळून थर्मासमध्ये भरून ठेवायची. साखर घालायची नाही. अर्धा लिटर दूध वेगळं तापवून ठेवायचं. मग ज्याने त्याने आपल्या कपात अर्क, वर हवं तेवढं गरम दूध आणि हवी तेवढी साखर घ्यायची. शुगरवाले काका, कडक पिणारे मामा, दूध जास्त लागणारी आत्या, सगळे एकाच अर्कात बसतात. एकत्र उकळलेल्या चहाची चव याला शंभर टक्के येत नाही हे खरं, पण तुम्हाला सगळ्यांसोबत बसता येतं आणि मला तो सौदा मान्य आहे.

आणि तिसरं, जे मी अगदी कळकळीने सांगते. दुपारचा एक चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. नवऱ्याने, दिराने, कॉलेजला जाणाऱ्या पोरांनी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला चहा करता आलाच पाहिजे. शिकवायला सुट्टीपेक्षा चांगली वेळ नाही. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात जायचं नाही, पत्ती कुठे आहे विचारलं तर बसल्या जागेवरून सांगायचं. जरा कमी-जास्त झाला तरी तोच प्यायचा आणि नावं ठेवायची नाहीत.

घरचा चहा कधी फुळकवणी होतो, कधी कडू. प्रमाण काय घ्यायचं?

दोन कपांसाठी दीड कप पाणी, पाऊण कप दूध, दोन लहान चमचे पत्ती, साखर आवडीप्रमाणे. पाण्यात आधी आलं, मसाला जे काय असेल ते, उकळी आली की पत्ती, दोन-तीन मिनिटं मध्यम आचेवर, मग दूध, परत वर यायला लागला की गॅस कमी करून दोन मिनिटं, गाळला, झाला.

फुळकवणी होतो तो बहुतेक पत्ती गार पाण्यातच टाकल्यामुळे आणि एक उकळी आली न आली की गॅस बंद केल्यामुळे. कडू होतो तो पत्ती टाकून गॅसवर विसरल्यामुळे, जास्त उकळलं की टॅनिन जास्त उतरतात आणि जीभ ओढल्यासारखी होते. दुधातली केसिन नावाची प्रथिनं या टॅनिनना धरून ठेवतात, म्हणून कोरा असताना तुरट लागणारा चहा दूध घातल्यावर मऊ लागतो.

आपल्या घरात जी बारीक गोळ्यांसारखी पत्ती असते तिला सीटीसी म्हणतात, काटेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, वळून ती बनवतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसाममध्ये सुरू झाली. तिचा रंग आणि कडकपणा झटकन उतरतो म्हणून दूध-साखरेच्या चहाला हीच बरी. महागडी लांब पानांची पत्ती आणून ती दुधात उकळणं म्हणजे पैसे घालवणं.

एक छोटी गोष्ट, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे म्हणून इथे पाणी जवळपास ९८ अंशाला उकळतं. कोकणातल्या आणि आपल्या चहात त्याने फारसा फरक पडत नाही, पण महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी सुट्टीला गेलात तर पत्ती अर्धा-एक मिनिट जास्त उकळा.

आलं घातलं की दूध फाटतं, गुळाचा चहा तर हमखास फाटतो. काय करायचं?

दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, ते दुधाला फाडतं. पण उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. म्हणून आलं नेहमी पाण्यात आधी टाकून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू द्यायचं आणि मगच दूध. दूध घातल्यावर वरून आलं किसून टाकलं की गडबड होते. एवढं करूनही फाटलं तर दूधच सकाळचं, न तापवता बाहेर राहिलेलं असणार.

गुळाचं असं की गूळ थोडा आंबटपणाकडे असतो, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटायला निमित्त मिळतं. चहा पूर्ण तयार करा, गॅस बंद करा, खळखळणं थांबू द्या, मग किसलेला गूळ टाकून ढवळा आणि परत गॅसवर ठेवू नका. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कपात गूळ ठेवून वरून चहा गाळायचा. पिवळाधमक दिसणारा गूळ घेण्यापेक्षा गडद तपकिरी घ्या, चवीलाही तो खोल लागतो. आणि गुळाचा चहा म्हणजे शुगरवाल्यांना चालतो असं समजून देऊ नका, गुळातही बहुतांश साखरच असते.

गवती चहा कुठे मिळेल, घरी लावता येतो का?

भाजीबाजारात पालक-कोथिंबिरीच्या शेजारी जुडी मिळते, पावसाळ्यानंतर तर भरपूर. पण माझं ऐकाल तर घरी लावाच. कुणाच्याही बंगल्याच्या कुंपणाशी मोठं ठोंब असतं, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठेही विचारा, मुळांसकट चार काड्या कुणीही आनंदाने देतं. बारा-चौदा इंची कुंडी, खाली भोकं, चांगलं ऊन आणि पाणी साचू द्यायचं नाही, एवढं केलं की वर्षभर चहा. कापताना बुडापासून चार बोटं सोडून वरचं पान कापा म्हणजे परत फुटतं. पानांच्या कडा धारदार असतात, लहान मुलांना ओढायला देऊ नका, बोट कापतं. ठोंब फार दाट झालं की पावसाळ्याच्या तोंडाला उपटून दोन-तीन भाग करायचे आणि शेजारी वाटायचे.

नाव चहा असलं तरी हे गवत आहे, चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही आणि त्यात कॅफिनही नाही. लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या घटकामुळे. दोन पानं धुवून, मुडपून गाठ मारून पाण्यात टाकायची, गाळायला सोपं जातं.

थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्याकडे संध्याकाळी गवती चहा, आलं, चार तुळशीची पानं आणि शेवटी थोडा गूळ, पत्तीशिवाय, हेच चालतं.

चहाचा मसाला घरी करायचाय, काय घेऊ?

वेलची आणि सुंठ भरपूर, मिरी आणि दालचिनी थोडी, लवंग अगदी थोडी, जायफळ किसून चिमूटभर. लवंग हात राखून घाला, नाहीतर चहाला दाताच्या औषधाचा वास येतो. थोडा थोडा करा, महिन्याभरात संपेल इतकाच. पण रोज मसाला घालू नये असं मला वाटतं, एक दिवस नुसतं आलं, एक दिवस नुसती वेलची, म्हणजे प्रत्येकाचा वास वेगळा कळतो.

ग्रीन टी, दार्जिलिंग वगैरे भेट आलंय, ते कसं करायचं?

दिवाळीत ड्रायफ्रूटसोबत हल्ली चहाचे डबे येतात आणि मग ते कपाटात पडून राहतात. ते उघडा. हिरवा, काळा, पांढरा सगळे चहा एकाच झाडाच्या पानांचे, कॅमेलिया सायनेन्सिस त्याचं शास्त्रीय नाव, फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय केलं त्याने. काळ्या चहात पान हवेत ऑक्सिडाइज होऊ देतात, हिरव्यात लगेच उष्णता देऊन ते थांबवतात.

ग्रीन टीला उकळतं पाणी ओतलं की तो कडू होतो आणि लोक म्हणतात आम्हाला ग्रीन टी आवडत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, ७०-८० अंशाच्या आसपास आलं की पानांवर ओता, दोन मिनिटांत गाळा. दार्जिलिंगला पाणी गरमच लागतं, तीन-चार मिनिटं झाकून ठेवायचं, दूध घालायचं नाही. डब्यावर फर्स्ट फ्लश लिहिलं असेल तर ती वसंतातली पहिली तोड, फिकट आणि फुलांसारखा वास, सेकंड फ्लश म्हणजे मे-जूनची, जास्त भरलेली चव. भारतात जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली पहिली वस्तू दार्जिलिंग चहाच आहे, म्हणून आलेला डबा वाया घालवू नका. दुपारी एकटं बसून प्यायला हा चहा फार सुरेख, आणि पाहुण्यांच्या गर्दीत मात्र तो काढू नये, त्याला शांतता लागते.

रात्री गप्पा मारताना अकरा वाजता चहा होतोच, मग झोप येत नाही. काही उपाय?

कॅफिन शरीरातून सावकाश जातं, घेतलेल्यातलं निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात, माणसामाणसात फरक असतो. म्हणजे रात्री अकराच्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे चारला अजून अंगात. भावंडं वर्षाने भेटलीत, गप्पा तर होणारच, त्या बंद करा असं कुणी म्हणणार नाही, फक्त कपात बदल करा. गवती चहाचा काढा, गरम दुधात जायफळ आणि वेलची, नाहीतर नुसतं सुंठ-गुळाचं गरम पाणी. पहिल्या रात्री लोक कुरकुर करतात पण सकाळी उठल्यावर डोकं हलकं असतं ते त्यांचं त्यांना कळतं.

दिवसाचा हिशोब म्हणाल तर आयसीएमआरच्या त्याच सूचनांमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितलीये आणि एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. कॉफी, कोला, डार्क चॉकलेट हे पण त्यातच धरायचं.

बशीत ओतून प्यायलं तर पाहुण्यांसमोर बरं दिसेल का?

का नाही दिसणार? बशीत चहा पसरतो आणि लवकर निवतो, आपल्या आजी-आजोबांनी हे सोयीसाठीच केलं. फार कढत पिऊ नये याला आरोग्याचंही कारण आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोक्याची असं वर्गीकरण केलंय. तेव्हा बशी घ्या, नाहीतर पाच मिनिटं थांबा. आजोबा बशीतून पीत असतील तर नातवंडांनी हसू नये हे मात्र त्यांना सांगा.

फराळासोबत कुठला चहा जमतो?

चिवडा-चकलीसोबत आल्याचा कडक चहा, साखर बेताची. करंजी, अनारसे, बेसनलाडू असेल तर चहा बिनसाखरेचा किंवा कोरा करून बघा, लाडवाचा गोडवा आणि कोऱ्या चहाचा तुरटपणा एकमेकांना फार छान सांभाळतात, आणि दिवाळीत पोटात साखर काय कमी जात नाही. शंकरपाळे चहात बुडवून खाण्याबद्दल घराघरात वाद आहेत, मी बुडवणाऱ्यांच्या बाजूने. नाशिकचा चिवडा जरा तिखट असतो, त्याच्यावर फार कढत चहा घेतला तर जीभ पोळल्यासारखी होते, तिथे थोडा निवलेला बरा.

नाशकात चहा घेऊन कुठे जाऊन बसता येईल?

गर्दी नको असेल तर सुट्टीत कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे संध्याकाळी जाऊच नका, पार्किंग शोधण्यातच सगळा आराम निघून जातो. मी थर्मासवाली आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सूर्य मावळायच्या आधी तासभर, वारा असतो आणि पाणी समोर. सकाळी लवकर उठत असाल तर पांडवलेणी, पायऱ्या चढून लेणी बघायची आणि खाली उतरल्यावर चहा, चढायच्या आधी नको. गोदाघाटावर पहाटे रामकुंडाकडची गर्दी टाळून जरा पुढे चालत गेलं की टपरीवरचा पहिला चहा मिळतो, तो घेऊन पायरीवर बसायचं.

नाताळच्या सुट्टीत मात्र नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. हिवाळ्यात लांबून लांबून पक्षी येतात, चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावरून बघायचे आणि परत गाडीपाशी येऊन चहा काढायचा, हात इतके गारठलेले असतात की कप सोडवत नाही.

थर्मासची एक युक्ती, भरायच्या आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा आणि मग ते फेकून चहा भरा, बराच जास्त वेळ गरम राहतो. दुधाचा चहा दोन-तीन तासांत संपवा, त्यापुढे चव उतरते आणि दूध बिघडण्याची पण भीती. लांब जायचं असेल तर कोरा अर्क आणि दूध वेगवेगळं न्या. घरचे स्टीलचे पेले सोबत घ्या. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, ते कुजत नाहीत आणि धरणाच्या काठावर पडलेले बघून फार वाईट वाटतं.

ॲसिडिटी आहे, किंवा घरात कुणी गरोदर आहे, तर?

रिकाम्या पोटी चहा बंद, आधी काहीतरी खा. गरोदर असताना कॅफिन बरंच कमी ठेवायला सांगतात, साधारण २०० मिलिग्रॅमच्या आत, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहासोबत घेऊ नका, आधी सांगितलं तेच कारण. लहान मुलांना चहा नको, त्यांना गप्पांत बसायचंय म्हणून कप हवा असतो, त्यात गवती चहा घातलेलं गरम दूध द्या.

सुट्टीत चहा पूर्ण सोडायचा विचार आहे. जमेल का?

जमेल, पण एकदम सोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, आणि सुट्टीत घरातल्या सगळ्यांना त्याचा त्रास. रोजचे पाच कप असतील तर चार, मग तीन, असं आठवडाभर उतरत या. मला विचाराल तर पूर्ण सोडण्यापेक्षा उभ्याने घेतलेले सगळे कप सोडा आणि बसून घेतलेला एक-दोन ठेवा.

दिवाळीत घरी जाता येत नाहीये, रूमवर एकटाच आहे. एकट्याने चहा करून काय मजा?

नाशकात असे बरेच जण आहेत, कंपनीत सुट्टी मिळाली नाही, परीक्षा तोंडावर आहे, हॉस्पिटलला ड्युटी आहे, गाव जळगाव-धुळ्याकडे नाहीतर थेट विदर्भात. तुमच्यासाठी दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे स्वतःसाठी चहा करताना पण आलं ठेचा, एका माणसासाठी कशाला असं म्हणू नका, घरात आईच्या हाताला येतो तो वास त्या ठेचण्यातूनच येतो. चहा घेऊन खिडकीत बसा आणि घरी फोन लावा, त्यांच्याही चहाची वेळ असेल ती धरा, चार वाजता दोन्हीकडे कप हातात, बोलायला आपोआप विषय निघतात.

दुसरी म्हणजे शेजारचं दार वाजवा. "काकू, चहा करतोय, तुम्ही घेणार का?" एवढं विचारलं तरी दिवाळीत कुणी तुम्हाला फराळाशिवाय परत पाठवणार नाही. आणि घर भरलेलं असणाऱ्यांना पण सांगते, वरच्या मजल्यावरच्या मुलांना, वॉचमनदादांना चारच्या चहाला आठवणीने बोलवा, फराळाची पुडी हातात देण्यापेक्षा बसवून चहा द्या.

पूर्वी चहा नव्हता तेव्हा लोक काय करायचे?

पाहुणा आला की गूळ-पाणी द्यायचे आणि ओसरीवर बसवायचे. गावागावात चहा पोचला तो विसाव्या शतकात. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने चहावर सेस (उपकर) लावायचा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार झाला, कडक सीटीसी तर त्याच्याही नंतरची. येणाऱ्याला आधी बसवायची पद्धत मात्र त्याहून जुनी आहे, ती सोडू नका.

पत्ती कशी ठेवायची?

हवाबंद डब्यात, गॅसपासून आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. पत्ती आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते, हिंगाशेजारी ठेवलेल्या चहाला हिंगच लागतो. ओला चमचा घालू नका.

उरलेला चहा परत गरम केला तर चालेल का? आणि चोथ्याचं काय करायचं?

दुधाचा चहा तासन्‌तास बाहेर राहिला असेल तर टाकून द्या, अर्ध्या कपासाठी पोट बिघडवून घेऊ नये. कोरा अर्क मात्र गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो, लिंबू पिळून गारच प्या.

चोथा फेकू नका. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे आणि अजूनही इथे घरोघरी गुलाबाची कुंडी असतेच. पण थेट गाळण्यातून कुंडीत ओतायचा नाही, साखर-दुधामुळे मुंग्या आणि बुरशी येते. चाळणीत पाण्याखाली दोनदा धुवायचा, कागदावर पसरून उन्हात खडखडीत वाळवायचा आणि मूठभर मातीत मिसळायचा, जास्त जमला तर कंपोस्टच्या बादलीत टाकायचा. दिवाळीत चोथा इतका निघतो की सोसायटीतल्या सगळ्या कुंड्यांना पुरेल. वाळवायचं काम मुलांना द्या.